कोवळी मूत्रपिंडे आणि पहिली औषधे

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मूत्रपिंडावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य हजेरीपत्रके, पगारपावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज यांत गेले. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात व कामगारांच्या दारांत झाले. परंतु हा विषय आमच्याकडे आला तो एका हरवलेल्या कागदाच्या निमित्ताने. म्हणून त्या कागदापासूनच आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातल्या एका कारखान्यात कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली. तीत एकोणतीस वर्षांच्या एका फिटरचा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. दोनदा, तीनदा मोजला तरी आकडा खाली येईना, आणि लघवीत प्रथिने सापडली. पोरगा निर्व्यसनी, अंगाने सडपातळ. नोकरीवर गदा येते की काय, या भीतीने तो आमच्याकडे आला. आम्ही त्याला घेऊन नाशिकला एका मूत्रपिंडतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो आम्हांला अगदी अनपेक्षित होता : "जन्मला तेव्हा याचं वजन किती होतं?"

सोबत त्याची आई होती. तिची हयात विड्या वळण्यात गेलेली. ती म्हणाली, "आठव्या महिन्यातच झाला, डॉक्टरसाहेब. एवढासा होता. वीस दिवस काचेत ठेवला होता. रोज सुया टोचायचे." कोणत्या सुया, किती दिवस, कशासाठी, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. "कागद होता," ती म्हणाली. "पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. एका पावसाळ्यात पेटीत पाणी गेलं, त्यात गेला."

डॉक्टर म्हणाले, "मग मागचं काही सांगता येणार नाही. पुढचं सांभाळू."

ज्याची नोंद नाही त्याची दाद नाही, हे वाक्य आम्ही कामगारांच्या हक्कांच्या बाबतीत तीस वर्षे ऐकत आलो. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ साली झाला. पण घरी बसून विड्या वळणाऱ्या किती बायांना नोंदवही नसल्यामुळे आपल्याच कष्टाचा पुरावा देता आला नाही, हे सिन्नरला नव्याने सांगायला नको. शरीराच्या बाबतीतही तोच न्याय लागतो, हे मात्र त्या दिवशी प्रथम कळले. जन्माच्या वेळच्या वजनाचा आणि तान्हेपणी टोचलेल्या सुयांचा तिशीतल्या रक्तदाबाशी संबंध तो काय? हा प्रश्न घेऊन आम्ही वाचीत गेलो, जाणत्या डॉक्टरांना विचारीत गेलो. जे समजले ते येथे मांडतो.

गाळण्यांची शिल्लक

आपल्या पाठीशी, कमरेच्या वर, मणक्याच्या दोन बाजूंना दोन मूत्रपिंडे असतात. आकार साधारण मुठीएवढा. प्रत्येकात लाखो सूक्ष्म गाळण्या असतात. शास्त्रात त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक गाळणीचे दोन भाग. एक, केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. येथे रक्त गाळले जाते. दुसरा, त्याला जोडलेली वळणावळणाची नळी. ती गाळलेल्या पाण्यातून साखर, क्षार, पाणी असे जे जे उपयोगी ते परत रक्तात घेते आणि उरलेली घाण लघवीवाटे पुढे लोटते. निरोगी प्रौढ माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १५० ते १८० लिटर द्रव गाळतात, आणि लघवी होते ती दीड-दोन लिटर. बाकीचे सारे नळ्यांनी वाचवलेले असते.

एका मूत्रपिंडात सरासरी ९ ते १० लाख गाळण्या असतात; पण ही सरासरी फसवी आहे. शवविच्छेदन करून ज्यांनी मोजणी केली त्यांना कोणाच्या मूत्रपिंडात दोन-अडीच लाख, तर कोणाच्या मूत्रपिंडात वीस लाखांहून अधिक गाळण्या आढळल्या. म्हणजे माणसामाणसांत दहापटीचा फरक! जिवंत माणसाच्या गाळण्या मोजण्याची सोय दवाखान्यात नाही. आपल्या खात्यावर किती शिल्लक आहे हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसते.

आता महत्त्वाची गोष्ट. या गाळण्या तयार होतात त्या आईच्या पोटात. गर्भाच्या नवव्या आठवड्याच्या सुमारास पहिल्या गाळण्या दिसू लागतात आणि चौतीस ते छत्तीस आठवड्यांपर्यंत हे काम आटोपते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे साठ टक्के, शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात. त्यानंतर आयुष्यात एकही नवी गाळणी तयार होत नाही. कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. पण गाळणी गेली ती गेली. जन्मतः जी शिल्लक हाती आली तीच जन्मभर पुरवायची.

जे मूल आठव्या महिन्यात किंवा त्याआधी जन्माला येते त्याच्या गाळण्यांचे काम जन्मानंतरही काही दिवस, फार तर चाळीसेक दिवस, चालू राहते; मात्र ते पोटातल्यासारखे नीट होत नाही, काही गाळण्या वेड्यावाकड्या तयार होतात. कारखान्याची भाषा वापरायची तर यंत्रे बसवण्याचे काम अर्धे राहिले असतानाच उत्पादन सुरू करण्याचा हुकूम येतो. आणि नेमक्या याच दिवसांत अशा बाळाला सर्वांत जास्त औषधे द्यावी लागतात. आपल्या विषयाचे मर्म ते हेच.

वजनाचा आणि गाळण्यांचा संबंधही मोजला गेला आहे. अमेरिकेतील एका पाहणीत २००३ साली असे दिसले की, जन्माच्या वजनातल्या दर एक किलोच्या फरकामागे प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे अडीच लाख गाळण्यांचा फरक पडतो. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा कळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. त्या खेड्यांतल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे ज्या बाळांचे वजन नोंदले गेले त्यांतील शंभरांत सुमारे अठरा बाळे अडीच किलोंच्या आत होती.

आणि तंबाखू? मुंबईतील बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. ज्या गावाने तंबाखूवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले त्या गावाने हा आकडा लक्षात ठेवावा. मिश्रीचा डबा हातासरशी असतो. त्याचे देणे पोटातल्या बाळाला द्यावे लागते.

कमी हातांवर जादा पाळी

गाळण्या कमी असल्या म्हणून बिघडले कुठे? मूल तर हसते, खेळते, शाळेत जाते, पुढे कारखान्यात फिटर होते. लघवी साफ होते, कसली तक्रार नसते.

याचे उत्तर १९८८ साली बॅरी ब्रेनर या अमेरिकन मूत्रपिंडतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी मांडले. आमच्यासारख्याला ते चटकन समजले, कारण ते गिरणीतलेच गणित आहे. शंभर माणसांचे काम साठांवर टाकले तर मालाचा आकडा काही काळ तोच राहतो. मालकाला वाटते, सर्व ठीक चालले आहे. पण त्या साठांना रोज जादा पाळी पडते. त्यांतले काही थकतात, आजारी पडतात; मग त्यांचेही काम उरलेल्या पन्नासांवर येते, आणि ते पन्नास आणखी लवकर झिजतात. मूत्रपिंडाचे तसेच आहे. गाळण्या कमी असल्या की उरलेल्या फुगून मोठ्या होतात आणि जास्त दाबाखाली काम करतात. या जादा दाबाने त्या हळूहळू कठीण होतात, निकामी होतात. रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. हे सारे मुकाट्याने, वर्षानुवर्षे चालते. रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसतो तोवर बहुधा निम्मे काम बंद पडलेले असते.

जर्मनीत २००३ साली एक लहानशी पण बोलकी तपासणी प्रसिद्ध झाली. अपघातात मरण पावलेल्या, पूर्वी रक्तदाबाचा विकार असलेल्या दहा जणांची मूत्रपिंडे आणि तशाच दहा निरोगी माणसांची मूत्रपिंडे शेजारी शेजारी ठेवून मोजली. रक्तदाब असलेल्यांत प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे ७ लाख गाळण्या निघाल्या. निरोगी माणसांत सुमारे १४ लाख. थेट निम्मा फरक.

हे ज्ञान लोकांना झाले कसे, याची कथा आमच्या आवडीची आहे, कारण ती वहीची कथा आहे. इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून परिचारिका घरोघर जात आणि प्रत्येक बाळाचे जन्मवजन व एक वर्षाचे झाल्यावरचे वजन जाड वह्यांत टिपून ठेवीत. हे काम एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी उभे केले. त्या वह्या पडून राहिल्या. साठ-सत्तर वर्षांनी डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरने त्या उघडल्या आणि त्या बाळांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला. १९८९ साली त्याने दाखवून दिले की, ज्या पुरुषांचे वजन बालपणी कमी होते त्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. प्रौढ वयाच्या रोगाची मुळे पाळण्यात, किंबहुना पाळण्याच्याही आधी असतात, हा विचार तेथून दृढ झाला. बर्नसाइडबाईंना आपल्या वहीचा पुढे असा उपयोग होईल याची कल्पनाही नसेल. त्यांनी नोंद केली, एवढेच.

पुढे स्वीडनमध्ये १९७३ ते २०१४ या काळात जन्मलेल्या चाळीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना मोठेपणापर्यंत मूत्रपिंडाचा दीर्घ विकार होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट दिसला. इस्रायलमध्ये लष्करी भरतीपूर्वी तपासलेल्या पंधरा लाख तरुणांची माहिती २०१८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना बालपणी मूत्रपिंडाचा विकार होऊन गेला होता, पण भरतीच्या वेळी मूत्रपिंडे नीट चालत होती, अशांनाही पुढील तीस वर्षांत मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याचा धोका चौपट निघाला. "बरा झाला" म्हणजे "खाते बंद झाले" असे नव्हे, हा त्याचा अर्थ.

औषध काय करते?

आता औषधांकडे वळू. येथे आम्हांला प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे : ज्या औषधांची नावे आम्ही घेणार आहोत ती वाईट औषधे नव्हेत. त्यांतल्या बहुतेकांनी लाखो जीव वाचवले आहेत. प्रश्न आहे तो ती कोणाला, केव्हा, किती द्यावीत याचा.

पहिले जेंटामायसिन. जमिनीत राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंपासून १९६३ साली हे प्रतिजैविक मिळाले. त्याचेच भावंड अमिकासिन. नवजात बाळाच्या रक्तात जंतू शिरले की ही इंजेक्शने दिली जातात. आमच्या फिटरच्या आईने सांगितलेल्या सुयांत त्यांपैकी एखादे असणे अगदी शक्य आहे. हे औषध शरीरात मोडत नाही. मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. गाळले गेल्यावर त्याचा काही अंश नळीच्या पेशी उचलून घेतात आणि दिवसचे दिवस साठवून ठेवतात. साठा वाढला की पेशी जखमी होते. बहुधा औषध थांबवल्यावर नळीच्या पेशी पुन्हा भरून येतात. पण ज्या मूत्रपिंडात गाळण्या अजून घडत आहेत तेथे काय होते? गाभण उंदरांना हे औषध देऊन पाहिले तेव्हा त्यांच्या पिलांत गाळण्या कमी निघाल्या, असे प्रयोग फ्रान्समध्ये झाले आहेत.

त्यात आणखी एक अडचण. नवजात बाळाची मूत्रपिंडे जन्मतः फार थोडे रक्त गाळतात. पहिल्या दोन आठवड्यांत हा वेग साधारण दुप्पट होतो, आणि प्रौढाच्या मापाला तो दोन वर्षांच्या सुमारास पोहोचतो. म्हणून मोठ्या माणसाच्या शरीरातून जे औषध काही तासांत निघून जाते ते तान्ह्या बाळात कितीतरी अधिक काळ रेंगाळते. यास्तव जाणते डॉक्टर बाळाचे वजन आणि दिवस पाहून मात्रा ठरवतात, आणि दोन इंजेक्शनांत चोवीस, छत्तीस, प्रसंगी अठ्ठेचाळीस तासांचे अंतर ठेवतात. मोठ्याची मात्रा अंदाजाने पाव केली की झाली लहानाची मात्रा, हा हिशोब येथे चालत नाही.

इजा झाली तरी ती लवकर दिसत नाही, हे सर्वांत अवघड. जेंटामायसिनने इजा झाली तरी लघवी बहुधा चालूच राहते. आणि पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तातले क्रिएटिनिन मोजले तर तो आकडा बाळाचा नसून आईचा असतो, नाळेतून आलेला! निरनिराळ्या देशांतील चोवीस नवजात अतिदक्षता विभागांतल्या दोन हजारांहून अधिक बाळांची एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांत भारतातील बाळेही होती. शंभरांतील तीस बाळांच्या मूत्रपिंडांना कमी-अधिक इजा झालेली आढळली.

दुसरा गट वेदनाशामकांचा : आयबुप्रोफेन, इंडोमेथासिन, डायक्लोफिनॅक. शरीरात काही नैसर्गिक रसायने मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या खुल्या ठेवतात. ही औषधे ती रसायनेच रोखतात, आणि मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा घटतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. पण पोटातल्या गर्भाची, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची किंवा हगवणीने सुकलेल्या मुलाची सारी भिस्त त्या रसायनांवरच असते. गर्भजल म्हणजे मुख्यतः गर्भाची लघवीच. आईने शेवटच्या महिन्यांत ही औषधे घेतली तर गर्भजल कमी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली, गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे टाळावीत असा इशारा दिला तो याचसाठी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी बंद करण्यासाठी डॉक्टर हीच औषधे मुद्दाम देतात. पण ती रुग्णालयात, लघवी मोजून, देखरेखीखाली.

तिसरा गट रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा : एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या. यांची गंमत पाहा. मोठ्या माणसाच्या थकलेल्या मूत्रपिंडाला याच गोळ्या आधार देतात. आमच्या फिटरला डॉक्टरांनी दिली ती यांतलीच एक. पण गरोदर स्त्रीने घेतल्यास गर्भाच्या मूत्रपिंडाची घडणच बिघडते, कारण त्या ज्या यंत्रणेला रोखतात तिच्यावाचून गर्भाचे मूत्रपिंड नीट घडत नाही. एकच गोळी एका घरात बापाला तारते आणि पोटातल्या बाळाला मारते. म्हणून एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये, आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

आता कोणी विचारील : मग त्या फिटरचा रक्तदाब त्या सुयांमुळेच वाढला का? याला प्रामाणिक उत्तर असे की, तसे म्हणता येत नाही. ज्या बाळांना ही औषधे द्यावी लागतात ती मुळातच हलकी, अपुऱ्या दिवसांची आणि आजारी असतात. त्यांपैकी कशाचा वाटा किती, हे माणसांच्या बाबतीत वेगळे काढणे फार कठीण. प्राण्यांत जे स्वच्छ दिसले ते माणसांत तितके स्वच्छ दिसलेले नाही. औषधाला फाशी देण्याइतका पुरावा नाही. पण त्याची नोंद ठेवण्याइतके कारण नक्कीच आहे.

गडचिरोलीचा धडा

औषधाच्या भीतीने औषधच टाळावे, असा अर्थ कोणी काढू नये म्हणून गडचिरोलीचे उदाहरण मुद्दाम सांगतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात तेथील एकोणचाळीस खेड्यांत एक काम केले. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करीत, ताप आणि श्वास मोजीत. बाळाच्या अंगात जंतुदोष पसरल्याची ठरावीक लक्षणे दिसली आणि आईबाप रुग्णालयात जाण्यास तयार नसले, तर त्यांच्या संमतीने तोंडाने एक प्रतिजैविक आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. होय, तेच जेंटामायसिन!

परिणाम काय झाला? जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचा मृत्युदर, असे काम न झालेल्या खेड्यांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही रीत २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली.

त्या अल्पशिक्षित स्त्रियांच्या हातून मूत्रपिंडावर चालणारे एवढे जहाल औषध सुखरूप कसे दिले गेले, याचा आम्ही विचार केला. तराजू होता, मात्रेचा नियम होता, ठरलेले दिवस होते. आणि जे केले ते कागदावर उतरत होते. डॉक्टर पंधरवड्याला गावात येऊन त्या नोंदी तपासत. पदवीपेक्षा शिस्तीने बाळे वाचली. मेलेल्या बाळाला मूत्रपिंडाची काळजी नसते. आधी जीव, मग शिल्लक. पण जीव वाचवताना शिल्लक सांभाळता येते, हेही गडचिरोलीने दाखवले.

औषधाच्या नावाखाली विष

एका प्रकरणाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे एक औषध घेतलेल्या वीसहून अधिक लहान मुलांची मूत्रपिंडे बंद पडून ती दगावली. त्यांतली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे रसायन निम्म्याच्या जवळपास निघाले. मर्यादा आहे शेकडा ०.१ ची. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली होती. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष, तीच मूत्रपिंडे!

हा औषधाचा दुष्परिणाम नव्हे; हा गुन्हा आहे, आणि त्याचा न्याय वेगळा. पण त्यातून घरापुरते शिकण्यासारखे एक आहे. त्या औषधात ज्या दोन द्रव्यांचे मिश्रण असायचे, ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. लहान मुलांचा साधा सर्दीखोकला बहुधा आपोआप बरा होतो. ज्या बाटलीची गरजच नव्हती तिने ती मुले गेली.

हिशोब कसा ठेवावा?

एवढे ऐकल्यावर आपण करायचे काय? आम्ही मोर्चाचा माणूस; मागणी मांडल्याशिवाय आमचे भाषण संपत नाही. पण येथे पहिली मागणी आपली आपल्यापाशीच आहे.

गरोदर बाईने अंगदुखीची, डोकेदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. पाचव्या महिन्यानंतर तर मुळीच नाही. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईची पाठ दुखते हे आम्हांला ठाऊक आहे. पण ती गोळी आशाताईला किंवा डॉक्टरांना विचारून घ्यावी. मिश्री सोडावी.

बाळाला औषध देताना त्या दिवशीचे वजन करून मात्रा ठरवली का, हे विचारण्यात लाज नाही. औषधाचे नाव काय आणि किती दिवस द्यायचे, हेही विचारावे. डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन मात्र अर्ध्यावर थांबवू नये. हगवण-उलटीने सुकलेल्या मुलाला आधी साखर-मिठाचे पाणी, म्हणजे ओ.आर.एस., द्यावे, तापासाठी आयबुप्रोफेनसारखे औषध अशा मुलाला परस्पर देऊ नये, आणि सहा महिन्यांखालील बाळाला तर नाहीच. मोठ्या भावाचे उरलेले औषध धाकट्याला पाजू नये.

जे मूल अडीच किलोंच्या आत किंवा दिवस भरण्याआधी जन्मले, काचेत राहिले, वा ज्याच्या मूत्रपिंडाला कधी इजा झाली, त्याचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजून घ्यावा आणि लघवीतली प्रथिने तपासावीत. ही तपासणी स्वस्त आहे, सुई लागत नाही. शाळा-अंगणवाड्यांतून मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे; २०१३ साली त्याचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. पथक शाळेत येईल तेव्हा गुरुजींनी आणि पालकांनी "हे मूल आठव्या महिन्याचं आहे" एवढे सांगितले तरी डॉक्टरांची नजर वेगळी होईल. अशा मुलाने मोठेपणीही मीठ बेताचे खावे, तंबाखूपासून दूर राहावे, वजन आटोक्यात ठेवावे, आणि दुखण्यावर गोळ्यांचा मारा करू नये. शिल्लक कमी असेल तर उधळपट्टी परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हा सारा प्रपंच केला. माता-बाल संरक्षण कार्ड आणि रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारा कागद : हे दोन्ही टाकून देऊ नका. त्यावर जन्मवजन, गरोदरपणाचे आठवडे, दिलेल्या औषधांची नावे व दिवस लिहिलेले आहेत का ते पाहा. नसल्यास तेथल्या तेथे लिहून मागा. मागण्याचा तुम्हांला अधिकार आहे. आपण शेताचा सातबारा जपतो, पगाराची पावती जपतो, निधीचे पासबुक जपतो. मुलाच्या शरीराचा सातबारा रद्दीत घालू नये.

त्या फिटरची नोकरी टिकली. गोळी रोज घेतो, रक्तदाब ताब्यात आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला मुलगी झाली; दिवस पूर्ण भरून, २ किलो ९०० ग्रॅम वजनाची. आम्ही बघायला गेलो तेव्हा पेढ्यांच्या आधी आजीने आम्हांला कार्ड दाखवले. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले. पत्र्याच्या पेटीत नव्हे, वरच्या फळीवर, जेथे पावसाचे पाणी पोहोचत नाही तेथे तिने ते ठेवले होते.